कोवळ्या घोड्यासाठी लगाम आणि साज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फलटणजवळ आमची छोटी पागा आहे. तीन-चार वर्षांची मारवाडी, काठियावाडी आणि देशी शिंगरं आम्ही स्वारीला तयार करतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा झाली, की पुढे महिनाभर फोन आणि मेसेज सुरूच असतात. घोडा घेतलेला असतो, सोबत कुणीतरी एक लगाम दिलेला असतो, आणि आता पुढे काय, असा प्रश्न असतो. तेच प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर 2, 9 आणि 10 एवढे तरी वाचा.

1. लगाम, कडियाळं, बिट, ब्रायडल... नेमकं कशाला काय म्हणायचं?

गावाकडे "लगाम" म्हटलं की तोंडातलं लोखंड, डोक्यावरचे पट्टे आणि हातातल्या वाद्या असं सगळंच त्यात येतं. या पानावर गोंधळ नको म्हणून ठरवून घेऊ. तोंडात जातो तो लोखंडी भाग म्हणजे लगाम. जुन्या मराठीत कडियाळं, रायडिंग क्लबात बिट. स्वाराच्या हातात येतात त्या वाद्या. डोक्यावरचा पट्ट्यांचा सगळा संच म्हणजे ब्रायडल. लगाम नसलेली, नुसती डोक्यात घालायची ती मोरकी.

आणखी एक शब्द पुढे वारंवार येईल: मोकळी हिरडी. घोड्याच्या पटाशीच्या दातांनंतर आणि दाढांच्या आधी जबड्यावर काही बोटं जागा रिकामी असते. लगाम तिथे, जिभेवर आणि खालच्या हिरडीवर बसतो. त्या जागी हाडावर पातळ कातडीशिवाय काही नसतं. आपल्या नडगीच्या हाडावर पेन आडवं ठेवून दाबून बघा. घोड्याच्या तोंडात काय होतं ते लगेच कळेल.

2. घोडा किती वर्षांचा झाला की लगाम द्यायचा? पाठीवर कधी बसायचं?

लगामाची ओळख तीन वर्षांच्या आसपास करून देता येते. पाठीवर वजन मी साडेतीन ते चार वर्षांआधी देत नाही, आणि तेही सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं.

याची कारणं दोन. पहिलं हाडांचं. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची वाढीची जागा साधारण दोन-अडीच वर्षांत भरते आणि तेवढ्यावर "घोडा तयार झाला" असं म्हटलं जातं. पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, आणि स्वार बसतो तो पाठीवर.

दुसरं कारण दातांचं, ते फारसं कुणी सांगत नाही. दुधाचे पटाशीचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने पडतात. पुढच्या दुधाच्या दाढाही अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान पडतात. म्हणजे ज्या वयात आपण तोंडात लोखंड घालून शिकवायला जातो, त्याच वयात घोड्याचं तोंड आतून दुखत असतं. एखाद्या आठवड्यात घोडा अचानक लगाम घेईनासा झाला, तर आधी तोंड उघडून बघा. पडायला आलेली दाढ दिसली तर पंधरा दिवस मोरकीवर काम करा. त्याने शिक्षण मागे पडत नाही.

3. मग लगामाआधी त्याला काय यायला पाहिजे?

मोरकीवर चार गोष्टी: हाक दिली की चालणं, "हो" म्हटलं की थांबणं, दोरीच्या हलक्या ताणाला मान वळवणं आणि एक-दोन पावलं मागे सरकणं. थांबणं तोंडाला शिकवायचं नसतं. ते आधी आवाजाला आणि तुमच्या अंगाला शिकवायचं, लगाम नंतर फक्त आठवण करून देतो. हा पाया नसेल तर प्रश्न 10 तुमच्याही वाट्याला येणार.

4. पहिला लगाम कोणता घेऊ? दुकानात वीस प्रकार टांगलेले दिसतात.

साधा स्नॅफल घ्या. म्हणजे ज्याला खाली लांब दांडे नाहीत, हनुवटीखाली साखळी नाही, आणि वादी थेट तोंडाच्या बाजूच्या कडीत अडकते असा. तुम्ही जेवढं ओढाल तेवढंच तोंडात पोचतं.

स्नॅफलमध्येही फरक असतो. मधे एकच सांधा असलेला सगळीकडे आणि स्वस्तात मिळतो, पण दोन्ही वाद्या एकदम ओढल्या की तो अडकित्त्यासारखा मिटतो आणि जिभेला दोन्ही बाजूंनी दाबतो. तो मापाला मोठा असेल तर सांध्याचं टोक टाळूकडे जातं. मधे गोलसर मणी असलेला दोन सांध्यांचा स्नॅफल जिभेवर जास्त सारखा बसतो, आमच्याकडची बहुतेक शिंगरं त्याच्यावरच सुरू होतात. घेताना तो मणी हातात धरून फिरवून बघा. मधे गोल मण्याऐवजी चपटी पट्टी असेल आणि ती तिरकी होऊन कडेवर उभी राहत असेल, तर तो लगाम दिसतो तेवढा मऊ नाही. कोवळ्या घोड्याला तो नको.

बाजूच्या कडीचाही विचार करा. सुटी, फिरती कडी लगामाला हलता ठेवते. अंड्याच्या आकाराची पक्की कडी लगाम स्थिर ठेवते आणि ओठाचा कोपरा चिमटत नाही. ज्या शिंगराला वळणं अजून कळत नाहीत, त्याला उभ्या दांड्या असलेला फुल चीक उपयोगी पडतो, कारण डावी वादी ओढली की उजवी दांडी गालावर टेकून त्याला दिशा सांगते. मात्र त्या दांड्या जाळीत किंवा दुसऱ्या घोड्याच्या साजात अडकतात. तो घालून घोडा बांधून ठेवू नका.

5. माप कसं घ्यायचं? दुकानदार म्हणतो, पाच इंची सगळ्यांना बसतो.

बसत नाही. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची तोंडं बरेचदा अरुंद असतात. साडेचार किंवा पावणेपाच इंच माप आम्हाला नेहमी लागतं. थरोब्रेडला, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याला, पाच किंवा सव्वापाच.

सुती दोरीला एक गाठ मारा. गाठ एका बाजूला ओठाच्या कोपऱ्याबाहेर टेकवा, दोरी लगामाच्या जागेवरून तोंडातून पलीकडे काढा आणि दुसऱ्या कोपऱ्याशी खूण करा. मधलं अंतर मोजा. फिरत्या कडीच्या लगामाला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर जास्त धरा, पक्क्या कडीच्या लगामाला तीन-तीन मिलिमीटर पुरतात. लगाम मोजायचा तो सरळ करून, दोन्ही कड्यांच्या आतल्या अंगाने. 5 इंच म्हणजे 127 मि.मी. आणि साडेचार इंच म्हणजे 114 मि.मी. हे तेरा मिलिमीटर घोड्याच्या तोंडात फार मोठे असतात.

उंची ठरवताना ओठाच्या कोपऱ्यात एक छोटी सुरकुती दिसेल इतपत वर घ्या. दोन-तीन सुरकुत्या पडून घोडा हसल्यासारखा दिसत असेल तर फार वर झाला. पुढच्या दातांवर किंवा नराच्या सुळ्यांवर खटखट वाजत असेल तर फार खाली.

6. जाड लगाम मऊ आणि बारीक लगाम कडक, हे खरं ना?

अर्धं खरं. बारीक लगाम कमी जागेवर दाब देतो म्हणून जास्त टोचतो, यात वाद नाही. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजच्या (घोड्याच्या चाली आणि आज्ञापालन बघणारी स्पर्धा) नियमांतही तरुण घोड्यांसाठी लगामाची जाडी किमान 14 मि.मी. मागितलेली आहे. पण "जितका जाड तितका चांगला" म्हणत लोक 20 मि.मी.चा घेऊन येतात. लहान तोंडाच्या मारवाडीला तो घातला की दात मिटत नाहीत, जीभ चेंगरते, घोडा तोंड उघडं ठेवतो, आणि मग मालक नाकपट्टी आवळतो. 14 ते 16 मि.मी. बहुतेकांना पुरतो. लगाम घालून ओठ बाजूला करा. पुढचे दात सहज मिटत असतील तर जाडी ठीक आहे.

7. स्टील, तांबं, रबर... कोणता धातू?

चांगलं, गुळगुळीत स्टेनलेस स्टील. तांब्याचा भाग असलेल्या लगामाने काही घोड्यांच्या तोंडाला लाळ सुटते, ते बरंच, पण तांबं मऊ असतं आणि घोड्याने चावून चावून त्याला धार येते. रबरी लगाम कुरतडला गेला की आतली तार बाहेर येते, म्हणून तो रोज तपासावा लागतो. क्रोमचा मुलामा दिलेला स्वस्त लगाम घेऊ नका. मुलामा उडाला की त्याची पापुद्र्यासारखी कड जिभेला कापते. थंडीच्या दिवसांत पहाटे लगाम तोंडात देण्याआधी दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा.

8. तोंडच उघडत नाही. जबरदस्तीने घातला तर मान वर नेतो. काय करू?

लोखंड दातांवर आपटून तोंड उघडायचं नाही, त्याने घोडा कायमचा बिथरतो. डाव्या बाजूला उभ्या राहा, उजवा हात कानांमधून वर घेऊन ब्रायडल धरा, डाव्या तळहातावर लगाम घ्या आणि अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून मोकळ्या हिरडीवर ठेवा. तिथे दात नाहीत, चावणार नाही. अंगठा हलवला की जीभ चाळवते आणि तोंड आपोआप उघडतं. लगामाला गुळाचं पाणी लावा. सुरुवातीचे चार-पाच दिवस वाद्या न लावता फक्त दहा मिनिटं लगाम तोंडात राहू द्या, तुम्ही जवळच थांबून खरारा करा. काढताना तर आणखी सावकाश: घोडा स्वतः सोडेपर्यंत थांबायचं. घाईने ओढून काढलेला लगाम दातात अडकला, तर दुसऱ्या दिवशी तोंड उघडणार नाही.

9. ताई, घोडा सारखी मान झटकतो, जीभ बाहेर काढतो, एका बाजूला वळतच नाही. कोणता लगाम बदलून देऊ?

आधी कोणताच नाही. आधी तोंड तपासा.

माझ्याकडे साडेतीन वर्षांची एक पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेली) घोडी होती. उजवीकडे लोण्यासारखी वळायची. डावी वादी नुसती जड झाली तरी मान फेकायची. मी दोन महिन्यांत तीन लगाम बदलले: एक सांध्याचा, दोन सांध्यांचा, मग रबरी. ती हट्टी आहे असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. लसीकरणाला आलेल्या पशुवैद्यांनी तिचं तोंड धरलं, माझं बोट घेतलं आणि डाव्या बाजूच्या वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे हिरडीवर ठेवलं. कातडीखाली वाटाण्याएवढं कठीण काहीतरी लागलं आणि त्याच क्षणी तिने डोळा आकसून मान मागे घेतली. तो वुल्फ टूथ होता, म्हणजे पहिल्या दाढेपुढे येणारा छोटा, बिनकामाचा दात, आणि तोही हिरडीतून बाहेर न आलेला. डावी वादी ओढली की लगाम गालाची कातडी त्याच्यावर दाबत होता. गुंगीचं औषध देऊन त्यांनी तो काढला. तीन आठवडे लगाम बंद ठेवला, आणि नंतर पहिलाच जुना लगाम तिने तक्रारीशिवाय घेतला. ते दोन महिने ती मला सांगत होती आणि मी ऐकत नव्हते. त्याची खंत अजून आहे.

वुल्फ टूथ सगळ्याच घोड्यांना नसतो, आणि तो म्हणजे सुळा नव्हे. सुळे मुख्यतः नरांना चार-पाच वर्षांना येतात, ते लगामाच्या पुढे असतात आणि साधारणपणे त्रास देत नाहीत. त्याशिवाय दाढांच्या बाहेरच्या कडांना धार येऊन गालाला आतून जखमा होतात. ही धार पशुवैद्य कानशीने घासून काढतात. लगाम सुरू करण्याआधी एकदा आणि मग पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्या.

तोंड स्वच्छ निघालं तर माप बघा (प्रश्न 5), मग जाडी (प्रश्न 6), मग नाकपट्टी (प्रश्न 12), मग खोगीर (प्रश्न 16). पाठ दुखणारा घोडाही मानच झटकतो. हे सगळं ठीक असेल तरच लगामाचा प्रकार बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

10. उधळतो, ओढून थांबत नाही. सगळे म्हणतात, कडक लगाम घाल. घालू का?

नको. या प्रश्नाला मी कुणालाच दुसरं उत्तर दिलेलं नाही.

कडक लगाम म्हणजे बहुतेक वेळा दांड्यांचा लगाम: पेल्हॅम, कर्ब किंवा गावातला लांब दांड्यांचा लगाम, हनुवटीखाली साखळी असलेला. तो तरफ असतो. समजा लगामाच्या वरचा दांडा 4 सेंटिमीटर आणि खालचा 8 सेंटिमीटर आहे. तुम्ही वादीला 1 किलो ओढ दिली की साखळीला साधारण 2 किलो बसते, आणि जिभेवर-हिरडीवर दोन्हींची बेरीज, म्हणजे 3 किलो. घाबरलेला माणूस 1 किलोने ओढत नाही, 10 किलोने ओढतो. उरलेला गुणाकार तुम्ही करा.

दुखलं की घोडा काय करतो? पळतो. त्याच्या स्वभावात दुखण्यापासून सुटायचा तोच एक मार्ग आहे. म्हणून कडक लगामाने पहिले चार दिवस घोडा थांबतो, पाचव्या दिवशी आणखी जोरात उधळतो किंवा दोन पायांवर उभा राहतो. कोवळा घोडा उभा राहून मागे पडला तर स्वाराच्या अंगावर पडतो.

त्याऐवजी खाली उतरा. दोन आठवडे मोरकीवर आणि लंजवर (म्हणजे लांब दोरीवर घोडा आपल्याभोवती वर्तुळात फिरवत) "हो" पक्कं करा. मग चालीतच स्वारी, आणि दर वीस पावलांना थांबणं. दुडकीवर जाण्याआधी चालीतून थांबणं आवाजावर आलं पाहिजे. दोन्ही वाद्या एकदम ओढून धरायच्या नाहीत. ओढ द्या, सोडा, पुन्हा द्या. धरून ठेवलेल्या वादीवर घोडा वजन टाकतो, आणि त्या रस्सीखेचीत तो जिंकतोच. अचानक बुजून पळाला तर एका बाजूला मोठ्या वर्तुळात वळवत न्या, वर्तुळ हळूहळू लहान करा.

दांड्यांचा लगाम वाईटच असतो असं नाही. शिकलेला घोडा आणि स्थिर हात असेल तर तो बोटाच्या हालचालीवर बोलतो. पण तो शिक्षणाच्या शेवटी येतो, भीतीवर औषध म्हणून नाही.

11. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काटेरी लगाम वापरतात. त्याशिवाय घोडा "हातात" राहत नाही म्हणतात.

काटेरी लगाम बेकायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली 1965 साली ओढकाम आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. त्यातला नियम 8 स्वारीसाठी किंवा जनावर आवरण्यासाठी काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम आणि साज वापरायला मनाई करतो. वरातीची घोडी असो, टांग्याचा घोडा असो की पर्यटकांना फिरवणारा, कुणालाच यातून सूट नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी ज्याने एकदा असं तोंड आतून पाहिलंय त्याला हा लगाम पुन्हा हातात धरवत नाही. जिभेवर आडवा चर, ओठाचे कोपरे फाटून पांढरे पडलेले, हिरडीचं हाड हाताला खडबडीत लागतं. वडीलधाऱ्यांशी वाद घालायचा नसेल तर लगाम शांतपणे बदला आणि घोडा तयार करून दाखवा. माझ्या अनुभवात तेवढ्यानेच लोक ऐकतात.

12. नाकपट्टी किती आवळायची?

नाकाच्या हाडावर, म्हणजे समोरून, दोन बोटं उभी सहज गेली पाहिजेत. बाजूने बोटं घालून बघू नका, तिथे मऊ जागा असते आणि आवळलेली पट्टीही सैल वाटते. 2025 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये हे अंतर मोजायला ठरावीक उपकरण वापरतात, इतकी ही तक्रार जगभर आहे. शिंगराला तोंड हलवता आलं पाहिजे, लाळ गिळता आली पाहिजे. तो तोंड उघडत असेल तर ते बंद करू नका, का उघडतो ते शोधा (प्रश्न 9). सुरुवातीला मी नाकपट्टी लावतच नाही.

13. जेरबंद, साइड रेन, ड्रॉ रेन: यातलं काय वापरू?

पहिल्या वर्षी ड्रॉ रेन, म्हणजे तंगापासून (पोटाखालचा खोगिराचा पट्टा) लगामाच्या कडीतून स्वाराच्या हातात येणाऱ्या जादा वाद्या, अजिबात नाही. त्यांनी मान वाकलेली दिसते, पण घोडा लगामाच्या मागे लपायला शिकतो, आणि ते मोडायला पुढे वर्ष जातं.

साइड रेन, म्हणजे लगामापासून बाजूने तंगाला बांधलेल्या वाद्या, फक्त लंजवर, घोड्याला लगाम नीट कळल्यावर आणि लांब ठेवून. नाक कपाळापासून सरळ खाली येणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढे राहिलं पाहिजे. चालीत त्या सोडून ठेवा, कारण चालताना घोड्याची मान प्रत्येक पावलाला पुढे-मागे होते आणि साइड रेन तिला अडवतात. साइड रेन लावून कधीही वर चढू नका.

जेरबंद, म्हणजे मान फार वर जाऊ नये म्हणून तंगापासून पुढच्या पायांमधून वर येणारा पट्टा, फक्त नाकपट्टीला अडकवायचा, लगामाला कधीच नाही. घोडा मान नेहमीच्या उंचीवर ठेवून उभा असताना जेरबंद हाताने वर उचलला तर घशाला टेकला पाहिजे, एवढी ढील हवी. वाद्यांवर कड्या येतात तो दुसरा प्रकार वापरलात तर वादीवर रबरी अडसर लावा, नाहीतर कडी लगामाच्या बकलात अडकते आणि घोडा घाबरून मागे कोसळू शकतो.

14. लंजिंगला दोरी लगामात अडकवली तर चालते ना?

चालत नाही. एका कडीत अडकवली की लगाम तोंडातून तिरका ओढला जातो आणि सांधा टाळूला टोचतो. लंजसाठी कॅव्हेसन म्हणजे नाकावर कडी असलेली भक्कम पट्टी वापरा. ती नसेल तर चांगली बसणारी मोरकी. दोरी 8 मीटरची घ्या, वर्तुळ शक्य तेवढं मोठं ठेवा. सुरुवातीला प्रत्येक बाजूला पाच मिनिटं, आठवड्यातून तीनदा, एवढं पुष्कळ झालं. लहान वर्तुळात तासभर फिरवणं कोवळ्या सांध्यांना जाचतं. हातमोजे घाला आणि दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका.

15. लगामाशिवाय, नुसत्या नाकपट्टीवर शिकवलं तर?

छान शिकतो. तोंडाला जखम असेल किंवा दात पडत असतील तेव्हा तर तेच करावं. बाजूने कड्या असलेली साधी नाकपट्टी, म्हणजे साइडपुल, सगळ्यात सरळ. पट्टी गालाच्या हाडाचा उंचवटा जिथे संपतो त्याच्या दोन बोटं खाली ठेवा. त्याहून खाली नाकाचं हाड पातळ होत जातं, पुढे नुसतं कूर्चा असतं, आणि श्वास अडतो. लांब दांड्यांचा हॅकमोर "बिनलगामाचा म्हणून मऊ" नसतो. त्यातही प्रश्न 10 मधलीच तरफ आहे, फक्त ती नाकावर.

स्पर्धेचा विचार असेल तर ड्रेसाजला लगाम लागतो. उड्यांच्या स्पर्धेत आणि लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्समध्ये बिनलगामाचा साज चालतो.

16. लगामाचं कळलं. खोगिराचं काय? जुनं खोगीर घरात आहे.

जुनं असेल तर आधी त्याचा सांगाडा तपासा. पुढचा-मागचा भाग धरून दाबा. मधे वाकलं किंवा करकरलं तर ते भिंतीवर टांगा, घोड्यावर नको. कानपूर हे खोगिरांचं मोठं गाव आहे, तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे, आणि तिथून सगळ्या किमतींचा माल येतो. पण किमतीपेक्षा बसतं कसं ते बघा.

स्वार बसल्यावर मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. कण्यावर कुठेही टेकता कामा नये, मधली पोकळी पुढून मागेपर्यंत आरपार दिसली पाहिजे. पुढे खांद्याच्या हाडावर चढू नये, मागे शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाऊ नये. रपेट झाल्यावर खोगीर काढलं की घामाचा ठसा बघा. ओल्या ठशात मधेच कोरडा ठिपका असेल तर बहुतेक तिथे दाब पडतोय. पुढे त्याच जागी पांढरे केस येतात.

घट्ट खोगिराखाली घोंगडीच्या दोन घड्या जास्त घालून काहीही सुधारत नाही. घट्ट जोड्यात जाड मोजे घातल्यासारखं होतं ते. शिंगराची पाठ सहा वर्षांपर्यंत बदलत असते, म्हणून दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. वजनाचं म्हणाल तर, कोवळ्या घोड्यावर स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त मी देत नाही. 350 किलोच्या मारवाडीला म्हणजे 52 किलो. सुरुवातीचा स्वार हलकाच हवा.

17. मारवाडीच्या कानांमुळे ब्रायडल नीट बसत नाही. काही युक्ती?

मारवाडी-काठियावाडीचे कान आत वळून टोकांना जुळतात आणि ते सतत फिरवत असतात. कपाळपट्टी आखूड असेल तर कानाच्या मुळाशी रुतते, आणि घोडा मान हलवतो तो त्यामुळे. कपाळपट्टी एक माप मोठी घ्या, डोक्यावरचा पट्टा कानांमागे थोडा कापलेला असेल तर उत्तम. गोंडे, झालर, घुंगरू शिक्षणाच्या काळात काढून ठेवा.

18. रेसमधून आलेला थरोब्रेड घेतलाय. वादी ओढली की आणखी पळतो!

त्याला तेच शिकवलेलं आहे. रेसच्या घोड्याला दोन वर्षांच्या वयापासून वादीवर टेकून पळायची सवय असते. जॉकीने वाद्या आखूड धरल्या म्हणजे आता पळायचं, हा त्याचा समज. तो बेफाम नाही, आज्ञाधारक आहे. त्याला दोन-तीन महिने मोकळं सोडा, मग मोरकीपासून पुन्हा सुरू करा, जणू तो तीन वर्षांचा आहे. लगाम साधा, पक्क्या कडीचा. वाद्या लांब, आणि थांबणं आवाजावर. अशा घोड्याला कडक लगाम घालणं सगळ्यात धोक्याचं.

19. सारंगखेड्याहून नाचाचा घोडा आणलाय, ओठाचे कोपरे फाटलेत. लगेच स्वारी शिकवू?

नाही. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतून आलेल्या घोड्यांचंही हेच विचारतात, उत्तर एकच. पशुवैद्यांकडून तोंड तपासून घ्या, जखम पूर्ण भरेपर्यंत लगाम बंद. त्यानंतरही महिनाभर प्रश्न 15 प्रमाणे नाकपट्टीवर काम करा. व्रणाची कातडी ताणत नाही, पुन्हा फाटते. अशा घोड्याला फिरत्या कडीपेक्षा पक्क्या कडीचा लगाम बरा. हात वर उचलला तरी तो मान वर फेकेल, कारण त्याच्या आठवणीत हात म्हणजे झटका. महिना-दोन महिन्यांत ते कमी होतं, फक्त एकदाही झटका बसता कामा नये.

20. दोन घोड्यांना एकच लगाम वापरला तर? आणि पावसाळ्यात चामडं कसं सांभाळायचं?

प्रत्येक घोड्याचा लगाम वेगळा ठेवा. माप वेगळं असतंच, शिवाय लाळ आणि नाकाच्या स्रावातून स्ट्रँगल्स आणि ग्लँडर्ससारखे रोग पसरतात, आणि ग्लँडर्स माणसालाही होतो. नवीन आणलेल्या घोड्याचा साज तर अजिबात मिसळू नका. रोज वापरानंतर लगाम पाण्याने धुवा. वाळलेला फेस आणि चारा दुसऱ्या दिवशी वाळूसारखा घासतो.

चामड्याला बुरशी आली तर ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात टाकाल तर तडकेल. मग सॅडल सोप. पावसाळ्यात दर रविवारी दोन जागा तपासा: वादी लगामाच्या कडीभोवती दुमडते तिथली शिवण, आणि तंगाच्या पट्ट्यांची शिवण. तुटतं ते तिथेच, आणि तुटतं ते दौडीत.

21. लगाम बरोबर आहे हे शेवटी ओळखायचं कसं?

आठवडाभर बघा. तोंड मिटलेलं पण जबडा सैल, ओठांच्या कडेला थोडासा पांढरा फेस, कान इकडेतिकडे फिरणारे. काढल्यावर कोपऱ्यात लाली नाही, जिभेवर वळ नाही. आणि सगळ्यात खात्रीची खूण सकाळी दिसते. तुम्ही ब्रायडल हातात घेऊन पागेत शिरता, आणि घोडा भिंतीकडे वळायच्या ऐवजी मान खाली करून तुमच्याकडे येतो.